तिसऱ्यांदा विचारल्यावर

स्कोग्मो या गावाच्या नावात रान आहे, गावात नाही. नॉर्वेहून आलेली पहिली माणसं उत्तर डकोटाच्या या सपाट माळावर बैलगाडीतून उतरली. त्यांनी चहूकडे बघितलं, नजर अडेल असं काहीच सापडलं नाही, तेव्हा मागं राहिलेल्या रानातल्या गावाच्या आठवणीनं त्यांनी हे नाव ठेवून दिलं; त्यांच्या भाषेत स्कोग म्हणजे रान. बोर्गहिल्ड ट्वेट हे पाहुण्यांना सांगायची आणि पाहुणे हसायचे. वर्षानुवर्षं तोच विनोद, त्याच जागी थांबायचं, लोक हसेपर्यंत वाट बघायची. तिला त्या विनोदाचा इतका वीट आला होता की एखाद्या वर्षी खरोखरच रान उगवलं असतं तर तिनं सुटले बाई म्हटलं असतं.

गावात बघण्यासारख्या जागा तीन. एक पांढरं लाकडी चर्च. दुसरं मातीघर, म्हणजे नांगरानं उलथलेली मुळांसकटची माती विटांसारखी कापून रचलेलं घर. गावातलं पहिलं, बोर्गहिल्डच्या आजीनं संसार मांडलेलं. आणि तिसरा माळावरचा हाल्वोरचा दगड. दगडाला कुलूप लागत नाही, बाकी दोन्हीच्या किल्ल्या बोर्गहिल्डकडे. तिचा नवरा एनार गेला त्या वर्षी गावानं त्या तिच्या हातात ठेवल्या. म्हणाले, तुझं मन रमेल, तात्पुरत्या सांभाळ. तात्पुरतं म्हणजे किती, ते आता तिच्या गुडघ्यांना विचारा. मातीघराचं छप्पर दर वसंतात गळायचं. जमिनीवर पाणी शिंपून झाडायचं, उंदरांचे सापळे लावायचे, शाळेच्या सहली आल्या की आजीच्या चुलीत हात घालणाऱ्या पोरांना आवरायचं. तिची सत्तरी कधीच उलटून गेली होती आणि ती दमली होती. आजारी नव्हती, दुःखीही नव्हती, नुसती दमली होती. सकाळी उठायची तीच दमलेली.

मग सोडून का देत नव्हती? अहो, सोडायची तर 'नाही' म्हणावं लागतं, आणि स्कोग्मोत तेवढंच कुणाला जमत नाही.

तिथली रीत अशी. कुणी कॉफी विचारली, केक विचारला, रात्रीचं राहायला विचारलं, की पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं की जरा हळू आवाजात नको म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की 'बरं, अगदी थोडंसं' म्हणून हात पुढे करायचा. पहिल्या झटक्यात हो म्हणेल तो हावरट. आणि तिसऱ्या आग्रहालाही नको म्हणेल तो उद्धट, त्याला चारचौघांत बसायची अक्कल नाही. आजोबांच्या बोटीतून आलेली ही रीत गावात अजून धडधाकट होती. गावातली बँक गेली, शाळा गेली, धान्याचं कोठार गेलं, ही काही गेली नाही.

परवाच्या शुक्रवारी चर्चच्या तळघरात वारसा मंडळाची बैठक झाली तेव्हाही हेच झालं. अध्यक्ष आर्विड लोकेन, बोर्गहिल्डचा शाळेतला सोबती, आता पोट सुटलेला आणि एका कानानं बहिरा. तो म्हणाला, "मग बोर्गहिल्ड, पुढच्या वर्षीही तूच ना?"

"नको रे बाबा. आता होत नाही माझ्यानं."

सगळे मायेनं हसले.

"असं काय करतेस? तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे?"

"आर्विड, मी खरंच सांगतेय. नको."

शेजारी बसलेल्या सेल्मा ओप्डालनं तिचा हात थोपटला. "किती गं साधी तू," ती म्हणाली. "कधी मिरवायचं म्हणून नाहीच."

"गावासाठी, बोर्गहिल्ड," आर्विड तिसऱ्यांदा म्हणाला.

तिनं तोंड उघडलं. इतक्या बायका, इतके म्हातारे, समोर वाफाळणाऱ्या पातळ कॉफीचे कप, आणि सगळ्यांचे चेहरे असे खात्रीचे. उद्धट व्हायचं कसं, ते तिला कुणी शिकवलंच नव्हतं. ती गप्प राहिली, गप्प राहणं म्हणजे हो, टाळ्या वाजल्या. वर्षभराचं घोंगडं पुन्हा गळ्यात. घरी येताना ती मनाशीच म्हणाली, मेले तरी हे माझ्या शवपेटीवर किल्ल्या ठेवतील आणि तिसऱ्यांदा विचारतील.

आता दुसरी गोष्ट, म्हणजे खरी गोष्ट.

बोर्गहिल्डचा एकुलता मुलगा ऑर्लिन दूर टेक्सासमध्ये राहायचा. तिथं थंडी म्हणजे काय ते पुस्तकात वाचतात. त्याची बायको ग्रासिएला मूळची तिथलीच, तिच्या माहेरी स्पॅनिश बोलतात. ईस्टरला दोघं आली होती, तेव्हा भांडी पुसता पुसता ग्रासिएला म्हणाली होती, "आई, आमच्याकडे या ना राहायला. खालची खोली रिकामीच आहे. पायऱ्या नाहीत, बर्फ नाही."

बोर्गहिल्डच्या हातातली बशी निसटता निसटता राहिली. आणि तोंडातून काय निघावं? "छे गं, तुम्हाला कशाला उगाच त्रास."

"बरं," ग्रासिएला म्हणाली, आणि तिनं पुढची बशी पुसायला घेतली.

बरं! असं कुणी म्हणतं का? बोर्गहिल्ड तिथंच उभी राहिली, दुसऱ्या विचारण्याची वाट बघत. ते आलं नाही. त्या दिवसापासून मात्र तिनं पलंगाखाली एक बॅग भरून ठेवली. उन्हाळी झगे, चपला, एनारचा फोटो. अधूनमधून झगे काढायचे, धुवायचे, इस्त्री करून पुन्हा आत. रविवारी फोन यायचा तेव्हा ती उगाच म्हणायची, यंदा गुडघे फार दुखतात, यंदा बर्फ लवकर पडेल म्हणतात. ग्रासिएला म्हणायची, काळजी घ्या. बोर्गहिल्ड फोन ठेवून मनातले मांडे मनातच खात बसायची. भीड ही भिकेची बहीण, हे तिलाही कळत होतं. कळून काय उपयोग, जिभेला वळण लागलेलं असतं ना.

आणि आता गावाच्या संस्थापक दिनासाठी दोघं पुन्हा आली होती. शनिवारी जेवताना ऑर्लिन सहज म्हणाला, "ग्रासिएलाचा भाचा कॉलेजला येतोय. पुढच्या आठवड्यापासून खालच्या खोलीत राहील. तशी ती रिकामीच पडलीय."

"हो का," बोर्गहिल्ड म्हणाली. "छान झालं. पोराची सोय झाली."

ग्रासिएलानं एकदा तिच्याकडे बघितलं आणि मान खाली घालून बटाटे घेतले. रविवारी दुपारी ती दोघं निघणार होती. म्हणजे विचारायचं तर उद्याच, नाहीतर पुढं कित्येक वर्षं नाही, आणि बोर्गहिल्डकडे कित्येक वर्षं होती कुठं?

रविवारी प्रार्थना झाली, मग फिरवणं. बाहेरगावची दोन-तीन कुटुंबं, गावातले म्हातारे, आणि पुढं काठी टेकत बोर्गहिल्ड. रानाचा विनोद झाला, लोक हसले. मातीघरात सगळे वाकून शिरले. ही चूल, ही खिडकी, हे वर्तमानपत्राचे कागद भिंतीला लावलेले, माती गळू नये म्हणून. तिचा आवाज तिलाच दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता. कुणीतरी आत बसून तबकडी लावावी तसा तो चालला होता, आणि तिला नुसतं कुठंतरी बसायचं होतं.

मग सगळे दगडाकडे गेले. मातीघराच्या दारातून हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्याच अंतरावर तो आहे, माणसाच्या छातीएवढा, आणि कडेनं गुळगुळीत. माळावर रानरेडे होते तेव्हा ते त्याला अंग घासायचे, म्हणून. आज तिथं नवी पितळी पाटी बसवायची होती. रानरेड्यांच्या काळी इथं मूळचे डकोटा लोक राहायचे, त्यांचा पाटीवर उल्लेख नव्हता. पाटी लहान आहे, असं आर्विडचं म्हणणं. त्यानं पाटीवरचं कापड ओढलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं: गावाचा आद्य रहिवासी हाल्वोर ब्रेके, पहिल्याच हिवाळ्यात शेजाऱ्याच्या आजारी बाळासाठी औषध आणायला हिमवादळात निघाला आणि या दगडापाशी त्यानं देह ठेवला.

टाळ्या पडल्या. ग्रासिएला पाटीकडे बघत होती.

"पण असल्या वादळात लोकांनी त्याला जाऊ कसं दिलं?" तिनं विचारलं. "औषध कुठं मिळणार होतं? इथं तर काहीच नव्हतं."

"धाडसी माणसं होती ती," आर्विड म्हणाला आणि बहिऱ्या कानाची बाजू तिच्याकडे करून केकच्या टेबलाकडे निघाला. मंडळीही त्याच्यामागं गेली.

दोघी दगडापाशी राहिल्या. बोर्गहिल्डला चालवत नव्हतं, हे एक कारण. ती दगडाला टेकली.

"औषधबिषध काही नव्हतं," ती म्हणाली. "ते नंतर कुणीतरी चर्चच्या भाषणात घातलं. हाल्वोर कुऱ्हाड परत द्यायला आला होता, आजीकडे. एकटा जीव, पलीकडच्या बाजूला त्याचं खोपटं. बसला, बोलला, तेवढ्यात बर्फ सुरू झालं. आजी म्हणाली, रात्रीचे थांबा. तो म्हणाला, नको, उगाच तुम्हाला त्रास. आजी म्हणाली, अहो थांबा, जागा आहे. तो म्हणाला, नको, गाय एकटी आहे. आणि तेवढ्यात चुलीवरचं दूध उतू गेलं. आजी तिकडं वळली. पातेलं उतरवलं, हात भाजला, फडकं शोधलं. मागं वळून बघते तर त्यानं टोपी घातलेली, कडी काढलेली. गेला."

"मग?"

"मग काय. तिसऱ्यांदा विचारायचं राहिलं." बोर्गहिल्डनं काठीचं टोक मातीत फिरवलं. "वादळ थांबल्यावर इथं सापडला. तिनं जन्मभर मनाला लावून घेतलं. आमच्या घरी जेवायला बसलं की ती प्रत्येकाला तीन वेळा वाढू का विचारायची. मांजरालाही. शेवटी शेवटी डोकं फिरल्यासारखं झालं तिचं, तेव्हा कुणी नसलेल्या दाराकडे बघून म्हणायची, थांबा, थांबा, थांबा."

ग्रासिएलानं दगडाच्या गुळगुळीत कडेवरून हात फिरवला. मग म्हणाली, "आमच्याकडे विचारतच नाहीत. ताट हातात देतात."

"शहाणी माणसं."

"पण आई, राहायचं होतं तर तो बोलला का नाही?"

"कसं बोलणार? दोनदाच विचारलं होतं ना."

हे उत्तर बोर्गहिल्डला इतकं सरळ वाटत होतं की ते बोलल्यावर सुनेचा चेहरा बघून तिला नवल वाटलं. ग्रासिएलानं दगडाभोवती एक फेरी मारली. मग मातीघराकडे बघितलं.

"कुठल्या बाजूला पडला होता?"

"या बाजूला. तोंड घराकडे. वादळात वाट चुकला असं म्हणतात, माणूस गोल गोल फिरतो ना."

"वाट चुकला नव्हता," ग्रासिएला म्हणाली. "परत येत होता."

एवढं बोलून ती ऑर्लिनला शोधायला गेली. बोर्गहिल्ड तिथंच राहिली. ही गोष्ट तिनं शेकडो वेळा ऐकली होती, मनात घोळवली होती, आणि दर वेळी ती आजीच्या बाजूनं, चुलीपाशी उभी राहून बघत आली होती. हाल्वोरच्या बाजूनं तिनं कधी बघितलंच नव्हतं. गारठलेला एक लाजरा माणूस अर्ध्या वाटेत थांबतो, आणि सगळी रीतभात बर्फात टाकून मागं वळतो. ते सांगायला, जे दारात उभं राहून सांगता आलं असतं. तिला त्या माणसाचा राग आला. इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

दुपारी गाडीत सामान चढलं. आर्विड वाटेसाठी बटाट्याच्या पोळ्या घेऊन आला होता; ऑर्लिन दोनदा नको म्हणाला, मग घेतल्या. गाडी सुरू झाली. ग्रासिएलानं काच खाली केली.

"आई, तुम्ही ठीक आहात ना इथं? एकट्या?"

हे दुसरं होतं. बोर्गहिल्डनं मोजलं, दुसरं.

"हो गं," तिची जीभ म्हणाली. "माझं काय. तुम्ही नीट जा."

"बरं," ग्रासिएला म्हणाली. काच वर गेली.

गाडी खडीवरून निघाली. बोर्गहिल्डनं हात वर केला, थांबा म्हणून. आतून दोघांनीही हात हलवले. अच्छा म्हणून.

घरापासून जवळच, रस्त्याच्या टोकाला थांबायची पाटी आहे. मैलोन् मैल दुसरी गाडी दिसत नाही, तरी स्कोग्मोत वाढलेला माणूस तिथं थांबतो, डावीकडे बघतो, उजवीकडे बघतो आणि मगच पुढं जातो. ऑर्लिन थांबला. बोर्गहिल्ड निघाली होती. काठी दारातच राहिली होती, गुडघे ओरडत होते, मागून आर्विड "अगं, काय विसरलीस?" म्हणत होता. तिनं काचेवर टकटक केलं.

काच खाली आली.

"मला थंडी वाजते," बोर्गहिल्ड म्हणाली.

"स्वेटर आणू का तुझा?" ऑर्लिननं विचारलं. पोरगा गुणी, पण डोक्यानं बापावर गेलेला.

"स्वेटर नको. मला इथं थंडी वाजते. मी दमले, ऑर्लिन. मला तुमच्याकडे यायचंय."

ग्रासिएला गाडीतून उतरली. तिचा चेहरा लाल झाला होता.

"मग ईस्टरला नको का म्हणालात?"

"ते पहिलं होतं गं. पहिलं नको."

"मला काय माहीत पहिलं का दुसरं? मला वाटलं, मी नकोय तुम्हाला. टेक्सासची, वेगळ्या भाषेची, तुमच्या चर्चची नाही. इतके महिने मला तेच वाटतंय." तिनं पालथ्या हातानं डोळे पुसले. "मी पुन्हा कशी विचारणार होते? पुन्हा नको ऐकायला?"

बोर्गहिल्डला हे कधी सुचलंच नव्हतं. दारामागं एकजण बसलेला, दाराबाहेर एकजण गारठलेला, आणि दोघांनाही वाटतंय की कडी दुसऱ्यानं लावलीय. तिनं सुनेचा हात धरला. रस्त्याच्या मध्यावर, दिवसाढवळ्या, स्कोग्मोत कुणी कुणाचा हात असा धरत नाही.

"चुकलं माझं, पोरी," ती म्हणाली. "तू हवीस. तुझ्याच तोंडून ऐकायची वाट बघत होते."

"आणि तो भाचा?" ऑर्लिन म्हणाला.

"तो सोफ्यावर झोपेल," ग्रासिएला म्हणाली. "अठरा वर्षांचा आहे, कुठंही झोपतो. आईंचं सामान घेऊन ये तू."

"पलंगाखाली आहे," बोर्गहिल्ड म्हणाली. "भरलेली आहे बॅग. औषधाच्या गोळ्या तेवढ्या खिडकीपाशी आहेत, त्या घे."

ऑर्लिननं आईकडे बघितलं आणि तो घराकडे पळाला. तोवर धापा टाकत आर्विड येऊन पोचला. काय चाललंय ते त्याला अर्धंच ऐकू आलं होतं, पण अर्धं पुरलं.

"बोर्गहिल्ड, असं कसं? आणि मातीघर? शुक्रवारीच तर तू हो म्हणालीस."

"मी एकदाही हो म्हणाले नाही. तुम्हीच टाळ्या वाजवल्या." तिनं झग्याच्या खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. "घे."

"छे छे," आर्विड दोन पावलं मागं सरला. "मला काय येतंय त्यातलं?"

"घे, आर्विड."

"नको गं," तो म्हणाला, जरा हळू. आणि म्हणता म्हणता त्याच्या लक्षात आलं की आपण कुठं येऊन उभे राहिलो आहोत.

"गावासाठी," बोर्गहिल्ड म्हणाली.

वारा चालला होता. आर्विडनं माळाकडे बघितलं, आकाशाकडे बघितलं, मदतीला कुणीच नव्हतं. त्यानं हात पुढं केला. "बरं," तो म्हणाला, "अगदी थोडे दिवस."

"तात्पुरतं," बोर्गहिल्ड म्हणाली. "आणि बर्फाआधी माझ्या घरच्या नळांतलं पाणी काढून टाक. सापळे चुलीमागं आहेत. ती पाटी दुरुस्त करा. कुऱ्हाड परत द्यायला आला होता तो, आणि परत राहायला येत होता, एवढं लिहा."

"मग पाटी मोठी लागेल."

"मग मोठी करा. म्हणजे डकोटा लोकही मावतील तिच्यावर."

ऑर्लिन बॅग आणि काठी घेऊन आला. ग्रासिएलानं पुढचं दार उघडून धरलं. बोर्गहिल्डनं एकदा मागं बघितलं. घर होतं तिथंच होतं, चर्च होतं, लांबवर दगड होता. तिला वाटलं होतं फार रडू येईल. तसं काही झालं नाही, नुसते पाय दुखत होते.

"पुढं बसा, आई. मी मागं बसते."

"नको गं, तुला कशाला—" बोर्गहिल्डच्या तोंडून निघालं, आणि ते तिनं तिथंच तोडलं.

ग्रासिएला दार धरून उभी होती. तिनं पुन्हा काही विचारलं नाही. बोर्गहिल्ड बसली.